आधी मागचं बघा, मग पक्षी : पक्ष्यांच्या फोटोंना स्वच्छ बॅकग्राउंड कसं मिळवायचं

मागच्या हिवाळ्यात भाच्याने मला एक फोटो पाठवला. तळ्याच्या काठावर बसलेला खंड्या. चोच लालभडक, डोळ्यात उन्हाचा ठिपका, छातीवरचं पीस न् पीस मोजून घ्यावं. खाली प्रश्न : "मामा, शार्प आहे ना? मग बघताना मजा का येत नाही?"

फोटो मोठा करून बघितला. खंड्याच्या डोक्यातून एक बांबू थेट वर गेलेला. उजव्या अंगाला निळी ताडपत्री. डावीकडे पानांतून पांढऱ्याफटक आभाळाच्या चिंध्या. पठ्ठ्याने पक्षी बघितला होता आणि फक्त पक्षीच बघितला होता. सगळ्यांचं असंच होतं. आपला डोळा नको ते गाळून टाकतो, लेन्स काही गाळत नाही.

लगेच पुढचा प्रश्न आला : "कुठली लेन्स घेऊ?" म्हटलं, पैसे राहू दे, रविवारी पहाटे साडेपाचला तयार राहा. त्या रविवारी आणि पुढच्या काही रविवारी त्याला जे सांगितलं, तेच इथे लिहितोय.

थोडं गणित, एकदाच

मागचं किती विरघळणार, हे तीन गोष्टींवर ठरतं : लेन्सचं भोक केवढं, पक्षी तुमच्यापासून किती लांब, आणि मागची झाडी पक्ष्यापासून किती लांब. नवखे लोक सगळा जीव पहिल्या गोष्टीत घालतात, कारण ती दुकानात मिळते.

भाच्याकडे १००-४०० मिलिमीटरची झूम लेन्स आहे. ४०० वर तिचं अॅपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, एफ ५.६ पर्यंत उघडतं (एफचा आकडा लहान तेवढं भोक मोठं). ४०० भागिले ५.६ म्हणजे साधारण ७१ मिलिमीटर, हे झालं भोक. आता पक्ष्यापासून मागच्या झाडीपर्यंतचं अंतर घ्या, त्याला तुमच्यापासून झाडीपर्यंतच्या अंतराने भागा, आणि जे येईल त्याने ७१ ला गुणा. मागचा प्रत्येक ठिपका तेवढ्या रुंदीच्या गोळ्यात पसरतो. पक्ष्याच्या शेजारी पट्टी धरून मोजलं तर केवढा दिसेल, ते हे माप.

पक्षी १० मीटरवर आणि गवत त्याच्या मागे फक्त १ मीटर : गोळा साडेसहा मिलिमीटरचा. गवताची काडी चार-पाच मिलिमीटरची असते. ती जरा मऊ दिसेल, पण काडीच राहील. तोच पक्षी, तीच लेन्स, गवत १० मीटर मागे : गोळा ३५ मिलिमीटरचा. काडी गेली, नुसता रंग उरला. गवत ४० मीटर मागे असेल तर ५७. त्यापुढे फारसा फरक पडत नाही, कारण ७१ च्या वर ते कधीच जाणार नाही.

आता गंमत बघा. ६०० एफ ४ ची लेन्स, जिची किंमत दहा लाखांच्या वर जाते, तिचं भोक १५० मिलिमीटर. गवत १ मीटर मागे असेल तर तिचाही गोळा १४ मिलिमीटरच्या आतच. म्हणजे मागे १० मीटर मोकळं ठेवून बसलेल्या भाच्याची साधी झूम तिला आरामात मागे टाकते. हे ऐकून त्याचा चेहरा जो खुलला, तो लेन्सच्या दुकानातही खुलला नसता.

सेन्सर छोटा की मोठा, याने हे माप बदलत नाही. मोबाइलच्या मेन कॅमेऱ्याचं भोक काही मिलिमीटरचंच असतं, त्यामुळे मागचं सगळं स्वच्छ दिसतं, म्हणजे अस्वच्छ.

या विरघळलेल्या भागाला फोटोवाले बोके म्हणतात. शब्द जपानी आहे. आपल्याकडे बोके म्हणजे वेगळंच काहीतरी, आणि तेही पक्ष्यांच्या मागे असतातच.

बटाट्यावर सराव

पक्षी उडून जातो, बटाटा जात नाही. सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्टुलावर एक बटाटा ठेवा. पहिल्यांदा भिंतीला चिकटून, मग भिंतीपासून दोन पावलं, मग दहा पावलं पुढे. प्रत्येक वेळी तुम्ही बटाट्यापासून तेवढ्याच अंतरावर. मग अॅपर्चर ५.६ वरून ८ आणि ११ करा. भिंतीवरचे डाग कुठल्या फोटोत गायब होतात ते बघा. अर्ध्या तासात हाताला जे कळतं, ते वर लिहिलेल्या आकड्यांनी कळत नाही. वॉचमन काय म्हणेल याची तयारी ठेवा. आमच्याकडच्याने विचारलं, "साहेब, ओएलएक्सवर टाकताय का?"

पहिली पायरी : जागा निवडा, पक्षी येईल

नवखा माणूस पक्षी दिसला की त्याच्या मागे धावतो. पक्षी जिथे बसेल तिथलं बॅकग्राउंड नशिबाने मिळेल ते. उलटं करून बघा : आधी मागची बाजू शोधा.

बरेच पक्षी एका बैठकीला चिकटून असतात. वेडा राघू तारेवरून किंवा काटकीवरून झेप घेतो, माशी पकडतो आणि पुन्हा त्याच काटकीवर येऊन ती आपटत बसतो. कोतवाल, खाटीक, खंड्या यांचंही तसंच. गप्पीदास माळावरच्या सगळ्यात उंच वाळक्या दांड्यावर बसतो, आणि दोन-तीन दांडे त्याच्या ठरलेल्या फेरीतले असतात. आवडती बैठक ओळखायला सोपी. खाली दगडावर, पानांवर विष्ठेचे पांढरे ओघळ दिसतात.

अशा चार बैठका सापडल्या की पक्ष्याची वाट न बघता रिकाम्या काटकीवरच फोकस करा आणि व्ह्यूफाइंडरमधून मागचं बघा. पक्षी नसताना नजर आपोआप मागे जाते. कुठे पत्र्याची शेड येतेय, कुठे विजेचा खांब. चारांतली एक काटकी अशी निघतेच जिच्या मागे लांबवर नुसतं शेत आहे. सूर्य पाठीशी येईल असं बघून तिच्यासमोर बसा आणि हलू नका. त्या रविवारी आम्ही सासवडच्या बाजूला एका बोरीच्या काटकीसमोर पन्नास मिनिटं बसलो. वेडा राघू नऊ वेळा आला. भाचा पहिल्या वीस मिनिटांत चार वेळा म्हणाला, "मामा, तिकडे दुसरा दिसतोय." तिकडच्याच्या मागे मोबाइलचा टॉवर होता.

दुसरी पायरी : खाली बसा, मग आडवे व्हा

जमिनीवरच्या पक्ष्यांसाठी या लेखातली सगळ्यात किमती गोष्ट हीच, म्हणून जरा सावकाश सांगतो.

समजा कंठेरी चिखल्या चिखलात चालतोय. डोकं जमिनीपासून १० सेंटिमीटरवर, तुमच्यापासून १० मीटर लांब. तुम्ही उभे, कॅमेरा दीड मीटरवर. कॅमेऱ्यापासून त्याच्या डोक्यातून जाणारी रेघ पुढे वाढवा. ती जमिनीला लागते ती पक्ष्याच्या मागे जेमतेम ७० सेंटिमीटरवर. म्हणजे तुमचं बॅकग्राउंड त्याच्या शेपटीला चिकटलेला चिखल, त्यातला प्रत्येक खडा आणि गुटख्याची पुडी. आता पोटावर आडवे व्हा आणि कॅमेरा २० सेंटिमीटरवर आणा. तीच रेघ आता पक्ष्याच्या मागे १० मीटरवर जमिनीला लागते. १५ सेंटिमीटरवर आणलात तर २० मीटर मागे. वरच्या हिशेबात गोळा पाच मिलिमीटरवरून ३५ आणि ४७ वर गेला, आणि खर्च झाला तो शर्ट धुण्याचा.

शिवाय पक्षी तुमच्या डोळ्याला डोळा भिडवून बघतो. उभ्याने काढलेल्या फोटोत तो पायाशी पडलेल्या वस्तूसारखा दिसतो.

पुण्याजवळ कवडीपाटला हा प्रयोग करून बघा. नदीत प्लॅस्टिक इतकं आहे की उभ्याने काढलेल्या फोटोत शेकाट्याबरोबर चार पिशव्या येणारच. आडवं झाल्यावर त्याच पिशव्या पांढरट-निळसर डाग होऊन जातात. नदी सुधारत नाही, पण फोटो निघतो.

सामान म्हणाल तर जुनी सतरंजी किंवा योगा मॅट, आणि कॅमेरा सरकवायला कडा असलेला जुना फ्राय पॅन. हसू नका, जगभर वापरतात. चिखलात तो मस्त घसरतो. पॅनमध्ये एक छोटी बीनबॅग ठेवायची आणि तिच्यावर लेन्स. बीनबॅग घरीच होते : जुन्या जीन्सचा पाय कापायचा, दोन्ही टोकं शिवायची, आत दोन किलो धान्य. मी एकदा मटकी भरली. भीमाशंकरच्या पावसात पिशवी भिजली आणि तशीच गाडीच्या डिकीत राहिली. तिसऱ्या दिवशी उघडली तर हातभर मोड. बायकोने उसळ करायला साफ नकार दिला. तेव्हापासून थर्मोकोलचे दाणे भरतो. हलके असतात, पण मोड येत नाहीत.

आडवं होता येत नसेल तर गाडीतून काढा. माळावरचे पक्षी गाडीला माणसापेक्षा कमी घाबरतात. काच पूर्ण खाली, बीनबॅग दारावर, इंजिन बंद. इंजिन चालू ठेवून काढलेले फोटो थरथरतात आणि माणूस लेन्सला शिव्या देतो. मात्र खिडकीची उंची मीटरभर असते, त्यामुळे सपाट माळापेक्षा रस्त्याहून उंच असलेला बांध शोधा. बांधावर बसलेली माळटिटवी आपोआप डोळ्यासमोर येते आणि तिच्यामागे पलीकडचं शिवार.

झाडावरच्या पक्ष्याचं नेमकं उलटं. खालून वर बघितलं की मागे आभाळ, पक्षी काळा ठिक्कर आणि दिसतं ते पोट. इथे तुम्हाला वर चढायचंय. धरणाचा बांध, गच्ची, घाटरस्त्याचा कठडा. कठड्याखालून उगवलेल्या झाडाचा शेंडा तुमच्या डोळ्यासमोर येतो आणि मागे असते दरीची पलीकडची बाजू, शे-दोनशे मीटर लांब. यापेक्षा स्वस्त आणि मस्त पडदा नाही. कठड्यापलीकडे पाय टाकायचा नाही, हे मामा म्हणून सांगतो.

तिसरी पायरी : एक पाऊल डावीकडे

पक्षी बसलाय, सगळं जमलंय, पण नेमका मानेमागे एक उजळ डाग. अशा वेळी लोक झूम फिरवत बसतात. नुसतं सरका. पक्षी १० मीटरवर आणि मागचं झाड ४० मीटरवर असेल, तर तुम्ही ३० सेंटिमीटर डावीकडे सरकलात की मागचं दृश्य पक्ष्याच्या मानाने ९० सेंटिमीटर सरकतं. बसल्या जागी कमरेतून झुकलात तरी डाग बाजूला होतो.

क्लिक करण्याआधी फ्रेमच्या चारी कडांवरून एकदा नजर फिरवा. मी तीनच गोष्टी बघतो : डोक्यातून काही उगवलंय का, पक्ष्यापेक्षा उजळ काही मागे आहे का, आणि क्षितिजाची किंवा काठाची रेघ मान कापतेय का. तिसरी सगळ्यात जास्त निसटते. पाणथळीवर पलीकडच्या काठाची गडद पट्टी नेमकी बगळ्याच्या गळ्यातून जाते. कॅमेरा दोन बोटं वर-खाली केला की ती डोक्याच्या वर किंवा पायांशी जाते.

चौथी पायरी : जवळ जा, पण त्याच्या मर्जीने

मागची झाडी पक्ष्यामागे १० मीटरवरच आहे असं धरा. तुम्ही २० मीटरवरून काढलात तर गोळा २४ मिलिमीटरचा, १० मीटरवरून ३५ चा, ५ मीटरवरून ४७ चा. म्हणून जवळ जाण्याचा मोह होतो, आणि इथेच लोक चुकतात.

सरळ पक्ष्याच्या दिशेने चालू नका. तिरके जा, मधे बसा, दुसरीकडे बघा. पक्ष्याने खाणं थांबवलं, मान ताठ केली किंवा विष्ठा टाकली की समजा तो उडणार. तिथेच थांबा. तो पुन्हा खायला लागला तर पुढे, नाहीतर मागे. टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडायला लागली तर तुम्ही तिच्या अंड्यांजवळ उभे आहात. पायाखाली बघत आल्या वाटेने परता.

घरट्यासमोरच्या फांद्या "बॅकग्राउंड साफ करायला" तोडणारे मी पाहिलेत. ती पानं ऊन आणि कावळे अडवत असतात. ती गेली की पिल्लं जातात. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मधल्या शिकारीच्या व्याख्येत पक्ष्यांच्या घरट्यांना आणि अंड्यांना त्रास देणंही येतं. मोबाइलवर त्याच जातीचा आवाज वाजवून पक्षी सोयीच्या काटकीवर बोलावणंही नको. विणीच्या दिवसांत तो बिचारा शत्रू आलाय समजून भांडायला येतो.

कॅमेऱ्यातलं, थोडक्यात

अॅपर्चर पूर्ण उघडं ठेवा. ४०० एफ ५.६ वर ५ मीटरवरच्या पक्ष्याचा जेमतेम पाचेक सेंटिमीटरचा पट्टा शार्प येतो, त्यामुळे फोकस डोळ्यावर, आणि पक्षी आडवा, म्हणजे सेन्सरला समांतर झाला की क्लिक. तो तुमच्याकडे तोंड करून बसला असेल तर चोच किंवा शेपूट हातची जाणार. तेव्हा एफ ८ करा. भोक ७१ चं ५० होईल, पण मागे अंतर असेल तर परवडतं.

शटर स्पीड बसलेल्या पक्ष्याला १/५०० सेकंदापासून, चुळबुळ्याला १/१६०० च्या पुढे. आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील, तो आकडा) ऑटो. स्वच्छ बॅकग्राउंडवर नॉइज, म्हणजे फोटोतला दाणेदारपणा, जास्त उठून दिसतो, विशेषतः गडद भागात, त्यामुळे फोटो अंधारा काढून घरी उजळवायचा बेत करू नका. अपवाद एकच : सावलीतल्या गर्द झाडीसमोर उन्हात बसलेला पांढरा बगळा. कॅमेरा अंधार बघून फोटो उजळतो आणि बगळ्याची पिसं जळतात, म्हणजे नुसती पांढरीफटक होतात. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्याने ठरवलेला उजेड कमी-जास्त करायची सोय) उणे एक किंवा दीड करा. झाडी जवळपास काळी पडते, बगळा सुरेख उठतो. उजळ आभाळासमोरच्या कोतवालाला याच्या उलट, अधिक एक.

मागचा रंग कुठून आणायचा

अंतर जमलं की पुढचा प्रश्न रंगाचा, आणि तो कॅलेंडर सोडवतं. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये माळ हिरवा असतो, डोंबारी चंडोलाचा मातकट रंग त्यावर खुलतो. नोव्हेंबरनंतर तेच गवत सोनेरी होतं. मग मातकट पक्षी त्यात हरवतो, पण गप्पीदासाची नारिंगी छाती आणि काळं डोकं छान दिसतं. जानेवारीच्या सुमाराला करडई फुलली की पिवळा-केशरी पडदा. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस. ऊस जवळजवळ बारा महिने हिरवा. शेतात शिरण्याआधी मालकाला विचारा. आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही, दोनदा तर चहाही मिळाला.

पाणी हा रंगाचा दुसरा साठा. पाण्याला स्वतःचा रंग नसतो, ते काठाचा रंग दाखवतं. भिगवणला उजनीच्या फुगवट्यात कुंभारगाव किंवा डिकसळहून नाव घेतलीत की नावाड्याला "फ्लेमिंगोजवळ ने" एवढंच सांगू नका. "पलीकडचा काठ लांब दिसेल अशा बाजूने घे, आणि फ्लेमिंगोंपासून लांबच थांब," असं सांगा. ती माणसं रोज फोटोवाल्यांना नेतात, सूर्य कुठे हवा हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं. नावेत फळीवर नका बसू, तळाशी बसा. सकाळी पाणी शांत असतं तेव्हा चक्रवाकाच्या मागे निळा-राखाडी पट्टा अखंड मिळतो. वारा सुटला की लाटांवर चमचमणारे ठिपके येतात, ते पक्ष्याकडून नजर ओढून घेतात. उन्हाळ्यात नऊ-साडेनऊनंतर पाण्यावरची आणि माळावरची हवा थरथरायला लागते. मग लांबच्या पक्ष्याचा फोटो कुठल्याच लेन्सने शार्प येत नाही. कॅमेरा बंद करा, मिसळ खा.

घरी आल्यावर

एखादी काडी पुसायला हरकत नाही, पण पुसली हे सांगा. पक्षी निवडून मागचं सगळं सॉफ्टवेअरने ब्लर करायचं मात्र टाळा. पिसांच्या कडा कातरल्यासारख्या दिसतात, आणि पायाखालची फांदी पुढून मागे हळूहळू विरत जाण्याऐवजी एकाएकी संपते. जाणकाराला ते दोन सेकंदांत कळतं. बऱ्याच स्पर्धा मूळ रॉ फाइल (कॅमेऱ्यातून जशीच्या तशी आलेली) मागतात, ते वेगळंच.

परवा भाच्याचा पुन्हा फोटो आला. कुंपणाच्या दगडी खांबावर कोतवाल, शेपटीची कात्री उघडलेली, आणि मागे अख्ख्या फ्रेमभर एकसंध लाल. पळस म्हणावा तर केशरी नाही, गुलमोहराचे दिवस नाहीत. मी हरलो, विचारलं, "मागे काय आहे रे?"

"एसटी, मामा. थांब्यावर उभी होती. सुटायच्या आत अकरा फोटो मिळाले."